कुमुदताईंचा ओटा

"कणीक कोण मळतं तुमच्याकडे?"

गंगापूर रोडवरच्या आमच्या शोरूममध्ये शिरलेल्या गिऱ्हाइकाला कुमुदताई हा पहिला प्रश्न विचारायच्या. माणसं गोंधळायची. ती फोनमध्ये फोटो घेऊन आलेली असायची: पांढराशुभ्र ओटा, त्यावर राखाडी शिरा, कोपऱ्यात लिंबांची परडी. आता या बाई बजेट विचारतील किंवा बिल्डिंगचं नाव विचारतील, अशी त्यांची तयारी असायची. कणकेचं ऐकल्यावर नवरा बायकोकडे बघायचा आणि बायको म्हणायची, "मावशी येतात."

"मग मावशींची उंची सांगा."

ती जागा सोडून मला बराच काळ झाला. मी आता पुण्यात असते, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि इथल्या ओट्याचं दगडी छापाचं लॅमिनेट सिंकजवळ पाणी पिऊन फुगलंय. रोज सकाळी चहा करताना माझा हात त्या फुगवट्यावरून फिरतो आणि कुमुदताई काय म्हणाल्या असत्या ते ऐकू येतं. मला त्यांची आठवण येते असं मी कुणाला सांगत नाही. सांगायचं तर आधी त्या कोण होत्या ते सांगावं लागेल, आणि ते एका वाक्यात होत नाही.

ती माझी पहिली नोकरी. इंटिरियरचा कोर्स संपवून मी त्या शोरूममध्ये मागच्या बाजूला, काचेच्या पार्टिशनमागे, कॉम्प्युटरवर स्वयंपाकघरांची ड्रॉइंग्ज काढायला बसले. आमच्याकडे खरा दगड थोडा आणि दगडासारखं दिसणारं फार, असा माल होता. दगडाची भुकटी चिकट रसायनात दाबून केलेला क्वार्ट्झ, पोर्सिलेनचे भिंतीएवढे स्लॅब, आणि स्वस्तातलं लॅमिनेट. बाहेर कुमुदताई उभ्या. मालकांनी सगळ्यांना निळे ब्लेझर दिले होते. कुमुदताई तो कॉटनच्या साडीवर, बाह्या दुमडून घालायच्या. पन्नाशी ओलांडलेली बुटकी, रुंद बाई. ब्लेझरच्या एका खिशात हळदीची स्टीलची डबी, दुसऱ्यात कागदात गुंडाळलेलं अर्धं लिंबू. त्या जवळून गेल्या की बँकेच्या बाईसारख्या दिसायच्या आणि वास कांदेपोह्यांचा यायचा.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि मुळात कमी बोलणारी. अनोळखी माणसांशी बोलायचं, तेही मराठीत, म्हणजे मी वाक्य आधी मनात जुळवून घ्यायचे. पहिल्याच आठवड्यात मी एका काकूंना "किचन प्लॅटफॉर्म" म्हटलं, तर कुमुदताई मागून आल्या.

"प्लॅटफॉर्म नाशिकरोड स्टेशनला असतो. याला ओटा म्हणायचं." मग काकू गेल्यावर, जरा खालच्या आवाजात, "आणि बोलत जा गं. तोंडाला सीलंट लावलंय का?"

तेव्हापासून त्या मला "कॉन्व्हेंट" म्हणायला लागल्या. ए कॉन्व्हेंट, डबा आणलास का. ए कॉन्व्हेंट, या साहेबांना तुझं ते गोल फिरणारं ड्रॉइंग दाखव. दुसऱ्या कुणी हाक मारली असती तर मला राग आला असता.

प्रत्येक लादीला त्या हाताची उलटी बाजू लावून बघायच्या, लहान मुलाचा ताप बघावा तशी. आणि प्रत्येकीविषयी काहीतरी म्हणायच्या. मार्बलविषयी: "हा पाहुणा आहे. याला लिंबू चालत नाही, चिंच चालत नाही, याच्यासमोर सारखं जपून वागायचं." क्वार्ट्झविषयी: "गरम कढई सोडून सगळं सोसतो. फिक्या रंगाचा असला तर हळद तेवढी मनाला लावून घेतो." पोर्सिलेनविषयी: "याला कढई चालते, कडेला ठोसा चालत नाही. मनाचा घट्ट, कोपऱ्याचा हळवा." मालकांना हे पसंत नव्हतं. माल विकायचा आणि आधी त्याच्या खोडी सांगायच्या, हे त्यांना धंद्याविरुद्ध वाटायचं. कुमुदताईंचं उत्तर ठरलेलं होतं. "आधी खोड सांगायची, मग गुण. उलटं केलं की भांडणं होतात."

पण त्यांची खरी पद्धत वेगळीच होती. गिऱ्हाईक एखाद्या रंगाशी थांबलं की कुमुदताई त्या लादीचा पोळपाटाएवढा तुकडा काढायच्या, वर्तमानपत्रात बांधायच्या आणि त्यांच्या हातात द्यायच्या. याला त्या 'नांदायला पाठवणं' म्हणायच्या. गोडाऊनचा माणूसही सकाळी विचारायचा, "ताई, कालचे दोन नांदायला गेले का?"

"जपायचं नाही हं," त्या गिऱ्हाइकाला बजावायच्या. "गॅसच्या शेजारी ठेवा. चहा सांडू दे, हळद सांडू दे, रात्रभर तसाच पडू दे. आठवडाभरानं आणा. नाही पटला तर नाही पटला. परत आला म्हणून इथं कुणी त्याला नावं ठेवणार नाही."

हे शेवटचं वाक्य त्या जरा सावकाश बोलायच्या. ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

तुकडे परत आले की कुमुदताई ते उजेडात धरायच्या आणि घर वाचायच्या. एकदा त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींच्या घरचा तुकडा परत आला. त्यांच्याकडे पूजेला आलेल्या यजमानांची पंगत उठायची, म्हणून त्यांना दणकट, काळ्या पाषाणासारखं दिसणारं काहीतरी हवं होतं. तुकडा उघडला तर त्यावर हळदकुंकू आणि सुकलेली झेंडूची पाकळी. गुरुजींच्या आईंना वाटलं होतं, नव्या कामाचा पहिला दगड म्हणून शोरूमनं पूजेला पाठवलाय. आठवडाभर तो देवघरात होता.

गुरुजी ओशाळले. "आईला सांगितलं होतं, पण तिनं ऐकलं नाही."

"काही बिघडलं नाही," कुमुदताई म्हणाल्या, आणि ओल्या फडक्यानं कुंकू पुसून बघितलं. ते स्वच्छ निघालं. "झाली की परीक्षा."

देवळा गावच्या लोकांची गोष्ट त्या स्वतः रंगवून सांगायच्या. कांद्याचा मोठा कारभार असलेलं घर, नवा बंगला. तिघे भाऊ आले, त्यांना पांढरा मार्बलसारखा ओटा हवा होता. कणकेचा प्रश्न ऐकून तिघेही हसले. कुमुदताईंनी लादी दाखवायलाच नकार दिला. "दादा, ज्या हातांना काम करायचंय ते हात घेऊन या." भाऊ चिडून गेले, मालकही चिडले. पण पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा सोबत आई आणि मोठी सून होती.

आई शोरूमभर फिरल्या, कशालाही हात न लावता. मग म्हणाल्या, "पांढरा नको बाई. आमच्याकडं मजुरांचा सैपाक असतो, लय पसारा. डाग पडला का मी हिच्यामागं बोंबलत राहीन आन् ही माझ्यामागं."

सून हसली. पोर्सिलेनचा करडा तुकडा नांदायला गेला आणि कड उडून परत आला.

"काय केलंत काय?"

"आधी कांदा फोडला बुक्कीनं," सून म्हणाली. "मंग ठेचा केला. त्याला काय नाय झालं. मंग यांनी म्हनलं बघू तरी, आन् वरवंटा हानला."

कुमुदताई इतक्या खूश झालेल्या मी क्वचितच पाहिल्या. त्यांनी मालकांना सरळ सांगितलं, या घराला खराच दगड द्या, ग्रॅनाइट. हे लोक दगडाशी दगडासारखंच वागणार.

चुकायच्याही. माझ्या आधीच्या काळात त्यांनी कॉलेज रोडच्या एका डॉक्टर बाईंचे हात बघून ठरवून टाकलं होतं की या घरात काही शिजत नाही, आणि नाजूक क्वार्ट्झचा तुकडा दिला. तो मधोमध गोल जळून परत आला. स्वयंपाक डॉक्टर बाईंचे यजमान करायचे, आणि कढई उतरवून ठेवायची त्यांना घाई असायची. "तोपर्यंत मी फक्त बायकांनाच विचारायचे," कुमुदताई म्हणाल्या. "त्या दिवसापासून 'कोण मळतं' असं विचारते. पुरुषांचेही हात बघते आता. या वयात." आणि स्वतःच हसत सुटल्या.

दुपारी आम्ही काचेमागे एकत्र डबा खायचो. त्यांच्या डब्यातली भाजी चांगली असायची, पण त्या तिला चांगली म्हणत नसत आणि वाईटही म्हणत नसत. "वहिनीच्या हातची," एवढंच. मी विचारत नाही म्हणूनच असेल, त्या मला हळूहळू सांगत गेल्या. पंचवटीत त्या भावाकडे राहायच्या. लग्न झालं होतं. "दीड वर्ष नांदले आणि आले परत," हे त्यांनी लोणच्याची फोड वाटून घेताना सांगितलं आणि पुढे लोणच्याबद्दलच बोलत राहिल्या. तेव्हापासूनचं सगळं आयुष्य भावाच्या घरात.

"वहिनी वाईट नाही हं. मला कधी काही कमी केलं नाही," त्या म्हणायच्या. "पण ओटा एकीचाच असतो गं. मी नुसता चहा केला तरी साखरेचा डबा पुसून, होता तसा, झाकणाचा कान भिंतीकडे करून ठेवते. तिनं कधी सांगितलं नाही. मीच ठेवते."

त्या वर्षी त्यांनी पाथर्डी फाट्याला एक खोली आणि स्वयंपाकघर एवढा फ्लॅट घेतला. चाव्या मिळायला अवकाश होता. बिल्डर सगळ्यांना एकच काळा ग्रॅनाइट बसवून देणार होता. वेगळं काही हवं असेल तर आपलं आपण आणून द्यायचं, आणि लवकर कळवायचं. आम्हाला वाटलं, कुमुदताई एका दुपारी ठरवून मोकळ्या होतील. पाव तासात दुसऱ्याच्या घराचा स्वभाव ओळखणारी बाई.

त्यांना ठरवता येईना.

गिऱ्हाईक नसलं की त्या लाद्यांच्या रांगेतून फिरायच्या, हाताची उलटी बाजू लावत. एकीशी थांबायच्या, पुढे जायच्या, परत मागे यायच्या. मालक गमतीनं म्हणाले, "कुमुदताई, आता तुम्हीच एखाद्या लादीबरोबर नांदायला जा." सगळे हसले. त्याही हसल्या, आणि मग बराच वेळ हळदीच्या डबीचं झाकण उघडत-लावत उभ्या राहिल्या.

मी सहसा कुणाला आपणहून काही सुचवत नाही. त्या दिवशी म्हटलं, "ताई, तुम्ही पण एक तुकडा घरी घेऊन जा ना. बघा आठवडाभर."

त्या म्हणाल्या, "कुठल्या ओट्यावर ठेवू?"

मग एका रविवारी आम्ही दोघी सिटी बसनं फ्लॅट बघायला गेलो, पिशवीत लाद्यांचे तुकडे घेऊन. पिशवीचा एक बंद त्यांच्या हातात, एक माझ्या. फ्लॅटला अजून दारं नव्हती. स्वयंपाकघरात विटांच्या दोन बुटक्या भिंती आणि त्यांवर फळी, एवढाच ओटा. कुमुदताईंनी पदरानं फळी पुसली, तुकडे ओळीनं मांडले आणि समोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केले आणि कणीक मळायला लागल्या. कणीक नव्हती, परात नव्हती. मनगटं दाबली जात होती, खांदे हलत होते. शेजारच्या खोलीतला प्लास्टरवाला डोकावून गेला. त्या थांबल्या नाहीत.

"उंच होतंय जरा," त्या म्हणाल्या. "एक वीट कमी करायला सांगू."

खिडकीतून ऊन थेट फळीवर येत होतं. त्यांनी एक तुकडा उचलला आणि बाकीचे पिशवीत टाकले. फिका, वाळूच्या रंगाचा, शिरा नसलेला क्वार्ट्झ. हातात घेतला तर नदीकाठच्या गुळगुळीत दगडासारखा. आमच्या शोरूममध्ये येणाऱ्या प्रत्येकीला त्या जो रंग घेऊ नका म्हणायच्या, तोच.

मला राहवलं नाही. "ताई, हळद."

"माहितीय. एकटीचा ओटा आहे. सांडली तर मी सांडली, पुसली तर मी पुसली. डाग राहिला तर राहू दे, माझा असेल."

मालकांनी तो स्लॅब कापून देण्याचे पैसे घेतले नाहीत. आमचेच कारागीर बसवायला गेले आणि कुमुदताई दिवसभर तिथे उभ्या राहिल्या, सिंकजवळच्या सांध्यावरून त्यांनी मुख्य कारागिराला इतकं छळलं की तो परत येऊन म्हणाला, "काकूंचं काम म्हणजे जावयाचं पान वाढण्यासारखं." राहायला जायचा दिवस ठरला. मला म्हणाल्या, पहिल्या दिवशी तू यायचं, पोळ्या मी करीन, तू नुसती बस.

त्याआधीच वहिनींना अर्धांगाचा झटका आला.

भाऊ म्हणाला, "तू जा. आम्ही बाई ठेवू." भावाची मुलगी सिडकोत राहायची, तीही म्हणाली, "आत्या, तुझं ठरलंय तसं कर." कुमुदताईंना कुणीही थांबवलं नाही. कुणी थांबवलं असतं तर त्या कदाचित भांडून गेल्या असत्या. त्या गेल्या नाहीत. काही महिन्यांनी त्यांनी शोरूमही सोडलं. बाह्या दुमडलेला निळा ब्लेझर बरेच दिवस काचेमागच्या खुर्चीवर होता. कणकेचा प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. नवी मुलगी हुशार होती. ती आधी बजेट विचारायची.

मी वहिनींना बघायला पंचवटीत गेले. त्यांची कॉट मधल्या खोलीत अशी लावली होती की पडल्या पडल्या त्यांना ओटा दिसावा. काळा कडाप्पा, वर्षानुवर्षं पुसून मऊ झालेला. कुमुदताई खिचडी टाकत होत्या.

"वहिनी, जिरं?"

वहिनींना बोलता येत नव्हतं. त्यांनी नजरेनं वरची फळी दाखवली. कुमुदताईंनी डबा काढला, चिमूटभर जिरं घेतलं, डबा पुसला आणि होता तिथे, होता तसा ठेवला.

"सगळं तिचं तिथंच ठेवते," दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्या मला म्हणाल्या. "उठेल तेव्हा तिला सापडायला हवं ना." मग दार धरून, "आयुष्यभर या ओट्यावर मला हातभर जागा हवी होती गं. आता सगळा मिळालाय. असा नको होता मला."

त्यानंतर मला पुण्यात नोकरी मिळाली. निरोप घ्यायला कधी येऊ म्हणून फोन केला, तर त्या म्हणाल्या, "घरी नको. रविवारी दुपारी पाथर्डी फाट्याला ये." रविवारी भाची आईजवळ बसायची, तेवढा वेळ कुमुदताईंचा.

फ्लॅटमध्ये पडदे नव्हते, खुर्ची नव्हती, गादी नव्हती. एक शेगडी, एक तवा, एक छोटी कढई, मिठामिरचीचे दोन-तीन डबे. आणि तो ओटा, इतक्या कमी वापरामुळे अगदी नवा राहिलेला. कुमुदताईंनी पिठल्याची फोडणी केली. मग भाकरीचं पीठ काढलं आणि परात न घेता थेट ओट्यावर ओतलं, मध्ये आळं करून पाणी घातलं. असं कुणाला करताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी ओट्यावरच पीठ मळलं, ओट्यावरच भाकरी थापली. ओंजळभर पीठ कडेवरून खाली सांडलं. त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

"डबे कुठं ठेवायचे हे अजून ठरवत नाही," त्या म्हणाल्या. "दर रविवारी जागा बदलते. मागच्या वेळी मीठ खिडकीत होतं."

जेवायला बसायला काही नव्हतं. त्यांनी दोन ताटल्या वाढल्या, साडी सावरली, एका हातानं कडेचा आधार घेतला आणि सरळ ओट्यावर चढून बसल्या.

"ये. चढ."

मी चढले. आम्ही पाय खाली सोडून जेवलो. त्यांचे पाय जमिनीपासून बरेच वर होते आणि त्या ते हलवत होत्या. पुण्यात कुठे राहणार, डब्याची सोय काय, असलं सगळं त्यांनी विचारलं. मी नेहमीपेक्षा जास्त बोलले. मग मला जे विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"ताई, इथं राहायला कधी येणार?"

त्यांनी भाकरीचा पापुद्रा सोलला. "ती चालायला लागली की."

"आणि नाही चालायला लागल्या तर?"

त्यांनी पापुद्रा पिठल्यात बुडवला, पण खाल्ला नाही.

"तो दुसरा विचार मनात येतो कधीकधी. खोटं कशाला बोलू. ज्या दिवशी येतो ना, त्या दिवशी मी तिचे पाय जास्त वेळ चोळते."

मला काही सुचत नाही तेव्हा मी गप्प बसते आणि लोकांना ते तुटक वाटतं. कुमुदताईंना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी माझ्या ताटलीत उरलेली अर्धी भाकरी टाकली.

माझी बस चुकेल म्हणून मी उठले. ताटल्या घासू का विचारलं, तर नको म्हणाल्या.

"तू हो पुढे. मला अजून जरा वेळ आहे."

दारातून मी वळून बघितलं. त्या तशाच ओट्यावर बसल्या होत्या, पाठ भिंतीला, पिठाचे हात मांडीवर उताणे ठेवून, समोरच्या रिकाम्या खोलीकडे बघत. मला निरोपाचं काहीतरी नीट म्हणायचं होतं, मराठीत, बसमध्ये मी ते मनात जुळवलंही होतं. त्याआधीच त्या म्हणाल्या, "दार ओढून घे."

मी दार ओढून घेतलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. आतून बारीक आवाज यायला लागला. त्या गुणगुणत होत्या. चाल ओळखीची नव्हती, शब्द नव्हते, मध्येच थांबायच्या आणि पुन्हा मागून सुरू करायच्या. इतके दिवस शेजारी बसून डबा खाल्ला, त्यांना गाताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

लिफ्ट आली, दार उघडलं. मी ती तशीच जाऊ दिली.